मुके खांब

क्रोशाच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये. पोशीरमधल्या निम्म्या दारांवर माझी तोरणं आहेत, आणि उरलेल्या निम्म्यांवर नाहीत ती त्यांनी मागितली नाहीत म्हणून. पण खेळणं मी कधी केलं नव्हतं. ती वेळ आणली आमच्या शेजारणीने आणि तिच्या म्हशीने.

म्हैस व्याली होती. माझ्या धाकट्या जावेची मुलगी साडेतीन वर्षांची. उठली की जी पळायची ती थेट शेजारच्या गोठ्यात, रेडकाच्या अंगाला टेकून बसायला. पोरगी बोलत नव्हती. कळायचं सगळं. मिरच्या कुठे ठेवल्या विचारलं तर बरोबर बोट दाखवायची, पण तोंडातून शब्द म्हणून निघत नव्हता. कर्जतच्या डॉक्टरांनी कान तपासले आणि म्हणाले, ऐकू उत्तम येतंय, बोलेल, तुम्ही तिच्याशी बोलत राहा. मी म्हटलं, ते काम माझ्याकडे द्या.

पण शेजारीण रोज तिला लांबून बघून ओरडायची, "आली गं बाई मुकी!" मनात वाईट काही नसायचं तिच्या. जिभेला हाड नाही, एवढंच. जावेला मात्र तो शब्द चटका बसल्यासारखा लागायचा. एक दिवस तिने पोरीला दंडाला धरून घरी आणलं, दाराला कडी घातली आणि म्हणाली, "आता नाय जायचं तिथं. कदीच नाय."

पोरगी दारापाशी बसून रडली. आवाज न करता रडायची ती, आणि ते काही मला बघवेना.

"रडू नको गं," मी म्हटलं, "रेडकूच आणू आपण घरात."

"काय बोलता, ताई?" जाऊ म्हणाली. "बांधायचं कुठं?"

"कुठं म्हणजे? तुझ्या पलंगावर!"

दीर खोपोलीला कारखान्यात जातो. त्याला काळी लोकर आणायला सांगितली. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ती काळी दिसली असेल. ओटीवर उन्हात धरली तर चक्क वांग्याचा रंग. "अरं, डोळं हायत का बटणं?" मी विचारलं. तो म्हणाला, "वैनी, काळीच हाय ती." पुरुषांशी रंगावरून वाद घालू नये. मी सुई घेऊन बसले.

जावेलाही शेजारी बसवलं, कारण हात रिकामे राहिले की तिचं डोकं नको तिकडे जातं. तिला माहेरी रुमालापुरता क्रोशा शिकवलेला होता. "मी धड करते, तू पाय कर," मी म्हटलं. तिने आपले खांब घालायला सुरुवात केली. खांब म्हणजे उंच टाका, दोन खांबांमध्ये फट राहते. तोरणाला ती शोभते, पण खेळण्यातून कापूस बाहेर डोकावतो. मी तिचं काम हातातून घेतलं, सर्रकन उसवलं आणि म्हटलं, "असं नाय चालायचं. यात सगळे मुके लागतात. मुकेच घाल."

मुका खांब. ठेंगणा, घट्ट टाका. माझ्या आईने मला तो याच नावाने शिकवला आणि त्या नावात मला इतक्या वर्षांत कधी काही दिसलं नव्हतं. जावेचा चेहरा उतरला.

"तुमीपण, ताई?" एवढंच म्हणाली आणि गाऊनच्या बाहीने डोळे पुसायला लागली.

मी सुई बाजूला टाकली. "अगं बाई, टाक्याचं नाव हाय ते! मुका! मुका खांब!" समजवायला गेले आणि तोच शब्द आणखी दोनदा बोलून बसले.

तेवढ्यात दारापाशी बसलेली पोरगी उठली. आली, माझ्या मांडीवर गुडघा रोवला आणि माझ्या गालाचा ओलाचिंब मुका घेतला.

आम्ही दोघी बघतच राहिलो. मी मुद्दाम परत म्हटलं, "मुका." परत घेतला. आमच्या घरात पापी-बिपी नाही. जन्मल्यापासून जो तो तिला 'मुका दे' म्हणत आलेला. तिच्या लेखी त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता! तो अर्थ आम्ही मोठ्यांनीच उराशी धरून ठेवला होता.

जाऊ रडायची थांबली. "आन् मला गं?" तिने विचारलं. तिला दोन मिळाले.

मग काय, कामाचा नुसता विचका. मुका म्हणा, मुके म्हणा, कसंही म्हणा, पोरगी गाल शोधत हजर. शेवटी मी टाके मनातल्या मनात मोजायला लागले. जुन्या उशीतला कापूस आत भरला. जावेने चारही पाय वेगवेगळ्या जाडीचे केले, त्यामुळे रेडकू उभं राहीना. फतकल मारून बसतं. कान मात्र मी असे केले की म्हशीनेही चाटावेत.

शेपूट शिवून झाली तशी पोरीने रेडकू काखोटीला मारलं आणि दाराकडे बोट केलं. खऱ्या रेडकाला दाखवायचं होतं. मी जावेकडे पाहिलं. एरवी मी कुणालाही सल्ला देते, पण इथे गप्प बसले. आई ती होती. ती उठली आणि तिने कडी काढली. मीही मागोमाग गेले. काही वाकडं झालंच तर माझं तोंड होतंच.

शेजारीण गोठ्यात शेण भरत होती. "अगं बया! आली का मुकी? आन् हे काय, वांग्याचं रेडकू?"

जावेने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

पोरगी थबकली. रेडकू आईच्या हातात दिलं, सरळ शेजारणीपाशी गेली, साडी ओढून तिला खाली वाकवलं आणि तिच्या घामेजल्या गालाचा मुका घेतला.

शेजारणीची बोलती बंद. शेणाचे हात तसेच हवेत धरून ती वाकलेलीच राहिली. ही बाई गप्प झालेली मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. आणि माझ्या बाजूला जाऊ हसायला लागली, खळखळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"परत म्हणा, मावशी," ती म्हणाली. "परत म्हणा तिला मुकी. दुसरा गाल राह्यलाय."