खंडेनवमीला वाजलेलं बेअरिंग

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही, म्हणूनच तर जास्त चिडचिड होते...

सोळा वर्षं मी मशीनची थरथर मोजतेय. सेन्सर लावायचा, कंपनांचा आलेख काढायचा, कुठला भाग बिघडतोय ते सांगायचं. बेअरिंगच्या कडीला चरा पडला की त्यावरून जाणारा प्रत्येक रोलर ठोका देतो. सेकंदाला किती ठोके, त्यावरून बिघाड कळतो. गणित आहे हो, भुताटकी नाही!

मागच्या खंडेनवमीला हडपसरच्या एका कारखान्यात गेले होते — नाव सांगत नाही. पूजेसाठी सगळी मशीन बंद. बॉयलरच्या मोठ्या पंख्याला झेंडूचा हार, मेन स्विचला कुलूप, किल्ली मेंटेनन्सच्या साहेबांच्या खिशात. सकाळी अकराला, हातात पेढा असताना, माझ्या फोनवर अलार्म वाजला. त्याच पंख्याचं बेअरिंग, बाहेरच्या कडीला चरा, ठोके अगदी चालू पंख्याच्या वेगाचे.

आणि पंख्यावरचा हारसुद्धा हलत नव्हता.

सेन्सर बदलला, केबल बदलली... तेच! वैतागून तापकीर काकांना हाक मारली. काका तिथले जुने फिटर, रोज त्या पंख्याशेजारी स्टूल टाकून बसायचे. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवलं, मूठ कानाला लावली. त्यांचा चेहरा उतरला.

"वाजतंय की ओ मॅडम."

साहेब म्हणाले, "मॅडम, पूजा पंख्याची झाली, अंगात तुमच्या आलंय."

मी भांडून बेअरिंग उघडायला लावलं. आतून लख्ख! चरा सोडा, साधा डागही नाही. "चूक झाली असं लिहून द्या," साहेब म्हणाले. दिलं लिहून. घरी कोथरूडला येईपर्यंत रागाने रडत होते.

काकांनी मात्र त्याच दिवशी स्टूल उचलून लांबच्या दाराशी नेलं. झालं, सगळ्यांना आयतं कोलीत मिळालं. पुढच्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, "अहो काका, बेअरिंग चांगलं आहे, मी लिहून दिलंय ना?"

"तुमी दिलंय लिवून. त्यानं कुटं दिलंय?"

दिवाळीच्या तोंडावर, भर दुपारी, ते बेअरिंग फुटलं. शाफ्ट निसटला आणि कव्हरचा तुकडा उडून भिंतीत घुसला — बरोबर काका बसायचे तिथे. आणि माझा सेन्सर? शेवटच्या मिनिटापर्यंत सगळं हिरवं. एक अलार्म नाही! फुटलेलं बेअरिंग हातात घेतलं, तर चरा बाहेरच्या कडीलाच.

बंद असताना ओरडलं, चालू असताना गप्प. मी सगळा डेटा पुन्हा पुन्हा तपासला, माझ्या सरांना दाखवला, दुसऱ्या कंपनीच्या लोकांना दाखवला. "नॉइज असेल," म्हणे. कसला नॉइज, सगळा कारखाना बंद असताना? साहेब तर आता जो भेटेल त्याला सांगतात, मॅडमना आधीच कळलं होतं. डोंबल कळलं होतं!

एक वेळ उत्तर नाही मिळालं तरी चालेल. पण बेअरिंग फुटायच्या आदल्याच दिवशी मी काकांवर चिडले होते. लोक माझी टिंगल करतात, ते स्टूल पुन्हा जागेवर ठेवा, असं सगळ्यांसमोर बजावलं होतं. मी स्वतः ते उचलून पंख्याशेजारी नेऊनही ठेवलं होतं.

मी गेल्यावर काकांनी ते परत दाराशी नेलं, म्हणून ते आज आहेत.