रोवणीतली कोंडणी

आमच्या रोवणीच्या टोळीला एक खोड आहे. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं लावत साऱ्या बाया ओळीने मागे मागे सरकतात. जिचा हात मंद, तिच्या दोन्ही बाजूच्या बाया भराभर लावत सुटतात आणि वळून तिच्या पाठीमागची जागाही रोवून टाकतात. चहूकडे हिरवं, मधे खाटेएवढा चिखल, त्यात ती एकटी. याला आम्ही कोंडणं म्हणतो. कोंडलेलीने आपला तुकडा पुरा करायचा आणि मगच जपून पाऊल टाकत बाहेर यायचं. लावलेले पऱ्हे तुडवले की वर्षभर नाव निघतं.

मागच्या वर्षी मी माझ्या मोठ्या जावेला कोंडलं. माझा हात जलद, तोंड त्याहून जलद. ती मधेच उभी राहिली, छातीवर हात ठेवला आणि चार ओळी तुडवत शेताच्या कडेला, धुऱ्यावर जाऊन बसली. ‘पित्त झालं’ म्हणाली. मी तिला ‘पळपुटी’ म्हटलं आणि ते नाव तिला चिकटलं. तेव्हापासून ती रोवायला उतरत नाही. धुऱ्यावरून पऱ्ह्यांच्या जुड्या फेकते.

या उन्हाळ्यात मी तिरोड्याच्या बाजारात बांगड्या भरत होते. कासारणीने माझा पंजा दाबून धरला होता आणि अचानक छाती धडधडायला लागली. बोटांना मुंग्या, घशाला कोरड. आता आपण मेलो, एवढंच कळत होतं. हात हिसकून मी पळाले. दोन बांगड्या फुटल्या.

गोंदियाच्या डॉक्टरांनी छातीला तारा लावून पट्टी काढून पाहिली. “हार्ट एकदम ठीक है, बाई. घबराहट का दौरा है. चढ़ता है, दस-पंद्रह मिनट में उतर जाता है. भागोगी तो अगली बार और डराएगा. रुकना, और साँस धीरे छोड़ना.” घरच्यांनी यातलं ‘ठीक है’ तेवढं ऐकलं. मी मात्र बाजार सोडला, एसटी सोडली, रविवारचं बुद्धविहारात जाणंही सोडलं. तिथे श्वासावर लक्ष ठेवायला सांगतात, तेव्हा मी इतकी वर्षं डास मारत बसले होते.

रोवणी आली तशी मात्र मी हट्टाने उतरले. टोळीतली जागाही गेली असती तर माझ्याजवळ उरलं काय असतं? पण दोन महिने घरात बसून हात जड झाला होता. बायांनी खिदळत मला कोंडलं. त्यांच्या मते ते माझं स्वागत होतं.

मान वर केली तर चारी बाजूंनी पऱ्हे. आणि ते आलंच. कानात धडधड, डोळ्यांपुढे पांढरं, श्वास अर्ध्यात अडकलेला. पाय म्हणत होते, पळ. चारच तर ओळी होत्या. मी एक पाय चिखलातून उपसलासुद्धा.

तेवढ्यात एक जुडी पुढ्यात येऊन पडली. धुऱ्यावर जाऊ उभी होती.

“हातातली लाव आंधी,” ती म्हणाली. “मंग दुसरी देतो.”

“मी मरून राहिली, बाई!”

“नाई मरत. मी काई मेली का? लाव.”

पाय मी परत चिखलात ठेवला. एक रोप खोचलं आणि तोंडाने हळू हवा सोडली. दुसरं खोचलं. रोपं वाकडी लागत होती. धडधड आणखी चढली आणि मला वाटलं, डॉक्टर खोटं बोलला. मी रडत रडत लावत होते. बायांचं हसणं थांबलं होतं. जुडी संपली की जाऊ दुसरी फेकायची, तीही अगदी हाताजवळ. तिसऱ्या जुडीला मुंग्या कमी झाल्या. चौथीला चिखल गार आहे हे कळलं. मग माझ्या पायाखालची जागा तेवढी रोवायची राहिली.

एकही रोप न तुडवता मी बाहेर आले आणि तिच्याशेजारी बसले. अंगात त्राण नव्हतं, पण इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. तिने पाण्याची बाटली पुढे केली.

“डाक्टरनं काय नाव सांगतलं याचं?”

“घाबराटीचा झटका. छाती चांगलीच असते म्हणे. चढते अन् उतरते.”

तिने हातातली जुडी खाली ठेवली.

“मंजे थे पित्त नोहोय?”

“नाही.”

“मले त् सालभर वाटे,” ती म्हणाली, “का मीच भेकड आहो.”

मी पाणी प्यायचं विसरले. ते तिला आपोआप वाटलं नव्हतं. मीच सांगितलं होतं, भर बांधीत, मोठ्याने.