अर्धी घोषणा

अप्पा गेले, हे मला दादरच्या बाजारात कळलं. त्यांच्या शेजारच्या वहिनी मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "भावोजी, अप्पा गेले हो परवा. झोपेतच."  भाजीची पिशवी तिथेच विसरून घरी आलो...

परळच्या गिरणीत आम्ही शेजारी-शेजारी साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले. चाळीतही एकाच मजल्यावर होतो. अप्पांचं बिऱ्हाड कोकणात, इथे घरचं म्हणून एकटा मोत्या. म्हातारा कुत्रा, पण संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत प्रभातफेरीची घोषणा ऐकली की तीन जिने उतरून सगळ्यांच्या पुढे पळायचा. मग त्याच्या पोटाला गाठ झाली. जनावरांच्या डॉक्टरांनी ती कापून काढली आणि बजावलं, दहा दिवस उडी नको. टाका तुटला तर या वयात पुन्हा भूल सोसणार नाही.

अप्पांनी दुसरी पाळी मागून घेतली. माझी पहिली, त्यामुळे ते कामावर गेले की मी मोत्याजवळ बसायचो. जखम चाटू नये म्हणून त्यांनी त्याला स्वतःची बंडी घातली होती. त्याला चादरीत घेऊन दिवसातून चारदा तीन जिने उतरायचे, चढायचे. एरवी फटकळ माणूस, पण पेज भरवताना आईसारखा बोलायचा. राहता राहिली प्रभातफेरी. अप्पा सरळ फेरीच्या पुढाऱ्याकडे गेले. "आमच्या चाळीपुढून गप जावा."

"अप्पा, सरकारला आमचं तोंड बंद करता आलं नाही. ते कुत्र्यासाठी करू?"

"सरकारने कधी नीट विचारलं होतं काय?"

दुसऱ्या दिवसापासून फेरी आमच्या चाळीपुढून चपला हातात घेऊन, मुकाट जाऊ लागली. सात दिवस गेले. आठव्या दिवशी फेरीच्या पुढे मी होतो. जिभेला सवय... चाळीखाली येताच माझ्या तोंडून निघून गेलं, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." आणि तिसऱ्या मजल्यावरून अप्पांचाच खणखणीत आवाज आला, "झालाच पाहिजे!"

मी धावत वर गेलो. मोत्याने उडी मारली होती, बंडी रक्ताने भिजली होती. अप्पा जखम दाबून बसले होते. मला म्हणाले, "माझाच आवाज, बाळ्या. घशाला अक्कल असते काय?" अर्धा दोष माझा होता, आणि मी गप्प राहिलो. त्याची लाज आजही वाटते. भूल देता येणार नव्हती, म्हणून जखम उघडीच भरायची होती. अप्पांनी गिरणीत खाडे केले आणि तीन आठवडे ती सकाळ-संध्याकाळ धुतली. अशी चिकाटी मी दुसऱ्या माणसात पाहिली नाही. मोत्या जगला. मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या दिवशी अप्पांनी दार सताड उघडलं आणि मोत्याला म्हणाले, "जा, बोंबल आता."

मागच्या दिवाळीला भेटलो, तेव्हा धीर करून म्हटलं, "अप्पा, त्या दिवशी ती घोषणा मी दिली होती."

"तुझा आवाज मी ओळखत नाय काय? अर्धी तुझी होती. पण उरलेली माझीच ना?"

इतकी वर्षं त्यांना माहीत होतं, आणि एका शब्दाने त्यांनी मला ते कळू दिलं नव्हतं.

काल त्या जुन्या चाळीत गेलो. तिसऱ्या मजल्यावर पोचलो आणि पाहिलं, चपला माझ्या हातात होत्या. त्या मुकाट फेरीपासूनची सवय. खोलीला कुलूप होतं. तरी दाराशी उभा राहून हळूच म्हटलं, "अप्पा, मी हाय."