सासूला न कळणारी भाषा

बायको गेली तेव्हा मला वाटलं, आता आमची भाषा बोलणारा मी एकटाच उरलो. उंब्रजात नव्हे, जगात. बोलणारे आम्ही दोघंच होतो.

भाषा म्हणजे पोरं 'च' लावून बोलतात तसली नव्हे. अख्खी भाषा. मी शाळा चौथीत सोडली, तिनं त्याच्याही आधी. तरी आम्ही भाषा काढली, कारण गरज पडली. लग्न झालं तेव्हा घरात माझी आई होती. नव्या सुनेनं सासूसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, ही रीत. आणि माझी आई सदानकदा समोर. बायको कवठे महांकाळची. माहेराहून भडंग आणायची आणि घरात कुठं तरी लपवायची. कुठं ते मला सांगायचं कसं? म्हणून पहिला शब्द निघाला, गुबडं. गुबडं म्हणजे भडंग. मग सासूला शब्द लागला, डुमसी. टिंगू म्हणजे ये. लफ्फं म्हणजे नाही. शब्द उसात खुरपताना ठरायचे. मी एकदा मराठी शब्द उलटा करून आणला, तर म्हणाली, "आवं, ह्यो काय शब्द हाय? सदरा उलटा घाटला म्हणून नवा हुतोय का? दुसरा काढा."

आमच्या भाषेत जे घडतंय ते आधी बोलायचं, कोण आणि कुठं ते मागनं. हा नियम तिचा. मराठीत 'आई मागच्या दारानं आली' एवढं म्हणेपर्यंत आई येऊन उभी राहिलेली असायची.

आईला वाटायचं आम्ही कानडी बोलतो. सून कर्नाटकाच्या अंगाची, म्हणजे कानडीच असणार. गावभर सांगत सुटली, माझ्या पोराला कानडी येतंय. एकदा हायवेवर कर्नाटकातल्या ट्रकचा टायर फुटला. ड्रायव्हरचं बोलणं कुणाला कळेना. आईनं मला शेतातनं बोलावून आणलं. "इचार रं त्येला काय पायजे." सगळं गाव बघतंय. मी छाती पुढं काढून म्हणालो, "टिंगू?" ड्रायव्हर माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "भैया, पंक्चरवाला किधर है?" आई लोकांना म्हणाली, "बगा, ह्यानं इचारलं म्हणून तर त्येनं सांगितलं."

आई जाऊन लय वर्षं झाली. रीतही गेली. माझी सून माझ्या पोराला माझ्यासमोर चारचौघात झापते. तरी आम्ही म्हातारा-म्हातारी आपली भाषा बोलत राहिलो. सवय.

बायकोचा दहावा नदीवर होता. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोर बाभळीवर दहा-बारा बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. कावळा शिवला नाही म्हणजे जिवाची काही तरी इच्छा मागं राहिली, असं आमच्यात धरतात. मग जो तो पुढं होऊन शब्द द्यायला लागला. पोरगा म्हणाला, "आई, म्हस इकणार न्हाई." कावळा गप्प. मेव्हणा हात जोडून म्हणाला, "आक्का, आजपासनं दारू सोडली." मागनं कोण तरी बोललं, "कावळ्याला बी खरं वाटंना." लोक हसले. दहाव्याला हसतात का? पण हसले. कुणी भजी आणून ठेवली, कुणी मिश्रीची डबी. भटजीला कराडची एसटी गाठायची होती. तो म्हणाला, "मी दर्भाचा कावळा करून शिववतो, चालतं ते."

मला ते चालणार नव्हतं. गवताच्या कावळ्यानं तिची बोळवण करायची? काय बोलायचं ते मला माहीत होतं. वर गेल्यावर तिची पहिली गाठ माझ्या आईशीच पडली असणार. पण ते बोलायचं ते आमच्या भाषेत, आणि ती मी कधी चारचौघात बोललो नव्हतो, त्या ट्रकवाल्याशी सोडून. पुढं झालो आणि मोठ्यानं म्हणालो, "टिंगू! लफ्फं डुमसी हितं! टिंगू!"

म्हणजे, ये. सासू इथं नाही. ये.

एक म्हातारी म्हणाली, "कानडी हाय. तिच्या म्हायेरचं." मेव्हण्याला खरंच कानडी येतं. तो म्हणाला, "कानडी कुठली? दाजींच्या डोस्क्यावर परिणाम झालाय."

आणि एक कावळा उतरला. पिंडाकडं बघितलंही नाही. भजी उचलली आणि गेला. मग वाद लागला, भजी शिवली म्हणजे पिंड शिवला का? भटजीनं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "शिवला."

घरी आल्यावर मी सोप्यात बसलो. बोलून तर टाकलं होतं, पण त्या शब्दांना जबाब देणारं माणूस आता नव्हतं. तेवढ्यात सून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "टिंगू जेवाय, मामा. लफ्फं दुसरं कुणी सोप्यात."

मी तांब्या सांडला.

"तुला कुठनं येतं गं हे?"

"आत्यांनी शिकवलं. तुमी रानात गेला की आमी बोलायचो."

"काय बोलायचा?"

"तुमच्याबद्दलच की. दुसरं काय हाय घरात बोलायला?"

"मग मला कधी बोलली न्हाईस?"

"तुमाला कळलं असतं तर आमी बोलणार कशात?"

मला राग यावा की काय यावा, समजेना. एवढी वर्षं मी समजत होतो की आईला चकवतोय. आणि माझीच डुमसी करून ठेवली होती या दोघींनी.

"मला काय म्हणायची ती?"

सून पदराआड हसली. "बुरखुंडं."

हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. तिचा शब्द, आणि मला माहीत नाही! "म्हंजे काय?"

"न्हाई सांगणार. आत्यांनी शपथ घातलीया."

आता रोज सकाळी मी विचारतो. तिनं काही तरी सांगायचं, मी मानायचं नाही, असं चाललंय. काल म्हणाली, बुरखुंडं म्हणजे हट्टी माणूस. आज म्हणाली, तसं न्हाई, बुरखुंडं म्हणजे दोन वेळा जेवून उपास सांगणारा. खोटं बोलते. बायको असलं टोचून बोलणारी नव्हती. उद्या पुन्हा विचारतो.