दम सोडायची शिकवणी

तिसऱ्यांदाही ज्ञानू दम धरूनच वर आला. गाल फुगलेले आणि चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा. मी त्याला नापास केलं.

"सर, लिमये पास आन् मी नापास? त्येला धड पवाय तरी येतंय का?"

तक्रार खरी होती. वाईचा लिमये पाण्याला घाबरायचा आणि वर येताना तोंड उघडून ओरडत यायचा. मला नेमकं तेच हवं होतं.

युद्धाची वर्षं होती. सांगलीच्या एका कॉलेजात मी बायॉलॉजी शिकवायचो. कृष्णेच्या डोहातल्या शिंपल्यांचा अभ्यास करायचा होता. जाळं टाकलं की सगळं वर येतं, पण कोण कुणाशेजारी राहत होतं ते येत नाही. म्हणून विद्यार्थ्यांनाच तळाशी पाठवायचं ठरलं. तांबटाकडून एका जुन्या हंड्याचं हेल्मेट करून घेतलं. समोर काच, खांद्यांवर शिशाची वजनं, वरून रबरी नळी. नळीचं दुसरं टोक होडीतल्या हातपंपाला. ग्लास उपडा करून बादलीत दाबला तर आतली हवा आतच राहते, एवढंच त्यामागचं शास्त्र. प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्याला 'जलांतर्गत प्रयोगशाळा' असं नाव दिलं आणि उद्घाटनाची तारीखही ठरवून टाकली. हंड्याला पोचे होते, नावाला नव्हते.

आता धोका सांगतो. डोह तीन पुरुष खोल, म्हणजे हात वर केलेली तीन माणसं एकावर एक उभी राहतील इतका. तिथे हेल्मेटातली हवा दाबलेली असते. पंप बंद पडला तर हेल्मेट टाकून वर यायचं, आणि वर येताना छातीतली हवा फुगत जाते. ती सोडत आलं तर काही होत नाही. दम धरला तर फुप्फुस फाटतं. म्हणजे दम धरायची सवय असलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्याला धोका सगळ्यांत जास्त. म्हणून आधी हेल्मेटाशिवाय, साध्या बुडीची परीक्षा; तिथे दम धरला तरी इजा होत नाही.

ज्ञानू पट्टीचा पोहणारा होता. त्याचे वडील सखाराम डोहाजवळच्या घाटावरचे नावाडी. त्यांनीच त्याला पाठीला भोपळा बांधून पाण्यात ढकललं होतं. कॉलेजात गेलेला घरातला हा पहिला मुलगा. शिंपल्या मोजायची कल्पनाही त्याचीच. त्याला वगळून उतरणं मला पटत नव्हतं आणि उतरवायची छाती होत नव्हती.

संध्याकाळी सखाराम आले.

"आवं मास्तर, पोराचं चुकलं काय?"

"दम धरतो."

"मग काय सोडावा? बुडंल की! चार वर्साचा व्हता तवापासनं सांगतोय त्येला, पाण्यात दम सोडू नगंस म्हणून."

मी हवेचा दाब समजावला. उतारूंच्या गप्पा ऐकावं तसं त्यांनी ते ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी फुटबॉलचा ब्लॅडर आणला. लिमयेनं तळाशी जाऊन हेल्मेटातल्या हवेनं तो जरा सैलच फुगवला आणि तोंड बांधलं. सखारामांनी बुडी मारली, त्याच्या हातून तो घेतला आणि वर आले. येता येता तो त्यांच्या मुठीतच टम्म झाला. होडीत बसून त्यांनी तो दोनदा दाबून पाहिला. मग ज्ञानूच्या छातीकडे पाहिलं.

"ह्येच्या आत बी आसंच हुतंय?"

"हो."

"मीच शिकवलंय. मलाच मोडाय पायजे," ते म्हणाले. "ज्ञान्या, पल्याडच्या काठावरनं मला कशी हाक मारतोस रं?"

"आबाऽऽऽ!"

"तश्शी. तळापासनं मारायची ती वर येस्तोवर. मधी थांबलास तर वल्ह्यानं टाळकं फोडीन."

"पाण्याखालनं ऐकू येतंय व्हय, आबा?"

"तू मार रं. ऐकायचं मी बघतो."

आठ दिवस बापलेक तेवढंच करत होते. नवव्या दिवशी मी ज्ञानूला पास केलं.

उद्घाटनाला काठावर मंडप होता. भाषण सुरू झालं तेव्हा ज्ञानू तळाशी होता; होडीत पंपावर लिमये, वल्ह्यावर सखाराम आणि शेजारी मी. पंपातलं चामड्याचं वॉशर फाटलं आणि दांडा एकदम हलका झाला.

"सर, हवा जात नाहीये!"

मी ज्ञानूच्या कमरेला बांधलेली खुणेची दोरी तीनदा ओढली, म्हणजे हेल्मेट टाकून वर ये. प्रिन्सिपॉलसाहेब काठावर 'ज्ञानसागराच्या तळाशी' इथवर आले होते.

पाणी शांत होतं. मग एकदम बुडबुडे आले. येत राहिले. सखाराम पाण्यावर वाकले होते.

"मारतोय," ते पुटपुटले. "हाक मारतोय त्यो."

डोकं वर आलं ते तोंड उघडं ठेवूनच. हाकेचा शेवटचा तुकडा तेवढा आम्हाला ऐकू आला: "...बाऽऽ!"

"आलो रंऽऽ," सखाराम म्हणाले. होडी त्याच्यापासून हातभर अंतरावर होती.

उद्घाटनाच्या अहवालात यातलं काही आलं नाही. भाषण मात्र पूर्ण छापलं. पुढे मी पाण्यात उतरणाऱ्यांसाठी नियम लिहिले. पहिलाच नियम होता: वर येताना हाक मारत यावे. प्रिन्सिपॉलसाहेबांनी समासात लाल शाईनं विचारलं, 'कोणास?'

मी खाली लिहिलं, 'ज्याचे त्याने ठरवावे.'