खिशातलं मलम

वृद्धाश्रमात तिला तोंडावर सगळे मावशी म्हणायचे आणि पाठीमागे तोफ. दोन्ही नावं तिला ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं जास्त आवडायचं. वय चौपन्न, उंची बेताची, आवाज मात्र तिन्ही मजल्यांना पुरेल असा. चाकाच्या खुर्चीचा ब्रेक अडकला तर ती खुर्चीला शिव्या घालायची, आणि आंघोळ नको म्हणणाऱ्या आजोबांना म्हणायची, "तुमच्या आईने तुम्हाला विचारून आंघोळ घातली होती का? चला, उठा." आणि ते उठायचे.

हे काम ती शिकून आली नव्हती. लग्न झालं तेव्हापासून नऊ वर्षं तिने अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं केलं. सासू गेली आणि घर एकदम मोकळं झालं. सकाळी उठून हात काहीतरी शोधत राहायचे. मग गल्लीच्या टोकाला वृद्धाश्रमाची पाटी लागली आणि ती तिथे जाऊन म्हणाली, मला माणसं उचलता येतात. एकवीस वर्षं झाली त्याला.

आता तिथल्या एका नियमाबद्दल सांगायला हवं, कारण तो नियम तिच्यामुळे आला होता. तिच्या नोकरीच्या दहाव्या वर्षी बाराव्या खाटेवरच्या आजींना खोकला झाला. रात्रंदिवस ढास लागलेली. मावशीने माया म्हणून येताना दुकानातून खोकल्याची बाटली आणली आणि दोन चमचे पाजले. आजींच्या रोजच्या गोळ्यांशी ते औषध जमत नाही हे तिला कसं कळणार? आजींना गुंगी आली, त्या उठायला गेल्या, पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. चाळीस दिवसांत त्या गेल्या. कुणी तिच्यावर बोट ठेवलं नव्हतं, कुणाला बाटलीचं माहीतच नव्हतं. तीच व्यवस्थापिका बाईंकडे गेली, सगळं सांगितलं, आणि म्हणाली, "आजपासून डॉक्टरांच्या हातचं लिहिलेलं असल्याशिवाय कुणाच्या अंगाला काही लागणार नाही आणि पोटात काही जाणार नाही. मी असो की दुसरं कुणी."

नियम झाला. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी औषधांचा तक्ता लटकला. तक्त्यावर आहे ते द्यायचं, नाही ते जगात नाही. अकरा वर्षं तिने डोळ्यांत तेल घालून त्याची राखण केली. भेटायला आलेल्या लेकीच्या हातातून बामची बाटली काढून घेतली आणि वर तिला चार शब्द सुनावले.

पाचव्या खाटेवर शिंपीकाका होते. ब्याऐंशी वर्षांचे, कागदासारख्या कातडीचे. चाळीस वर्षं दुकान चालवलं, बायको गेली, दुकान गेलं, पण बोटं शाबूत होती. खिडकीशी खुर्ची, मांडीवर बटणांचा डबा, आणि आश्रमातल्या अठ्ठावीस माणसांची उसवलेली शिवण. सुईत दोरा ते चष्म्याशिवाय ओवायचे आणि समोरच्याने पाहिलं की नाही ते हळूच बघायचे. कोरड्या कातडीला खाज फार, म्हणून त्यांच्या तक्त्यावर वर्षानुवर्षं एक ओळ होती: मलम, दिवसातून दोन वेळा. पांढरं, चिकट, बिनवासाचं साधं मलम. मावशी सकाळ-संध्याकाळ चोपडायची, काका सुई खाली ठेवून डोळे मिटायचे.

मग वरून परिपत्रक आलं. जी औषधं दुकानात चिठ्ठीशिवाय आणि स्वस्तात मिळतात, ती सरकारी डॉक्टरांनी यापुढे लिहून देऊ नयेत, रुग्णांनी स्वतः घ्यावीत. तापाची गोळी, पोट साफ होण्याची पावडर, कोरड्या कातडीचं मलम. दर गुरुवारी येणारे डॉक्टर त्या गुरुवारी लाल पेन घेऊन आले आणि खाटेखाटेशी उभं राहून तक्त्यांवरच्या ओळी खोडत गेले. माणूस वाईट नव्हता. तरुण, दमलेला, दोन दवाखाने आणि तीन आश्रम अंगावर घेतलेला. पाचव्या खाटेशी त्यांनी मलमाची ओळ खोडली आणि पुढे निघाले.

"थांबा," मावशी म्हणाली. "हे का खोडलंत?"

डॉक्टरांनी नीट समजावलं. या असल्या साध्यासुध्या औषधांवर एवढा पैसा जातो की हृदयाची, मूत्रपिंडाची महागडी औषधं अपुरी पडतात. ज्याला परवडतं त्याने चहाच्या किमतीची वस्तू सरकारकडून का घ्यावी?

"बरोबर आहे," मावशी म्हणाली. तिला ते खरंच पटलं होतं. तिचा स्वतःचा नवरा सर्दी झाली की फुकटच्या गोळीसाठी दवाखान्यात अर्धा दिवस बसायचा आणि ती त्याला त्यावरून झाडायची. "ज्याला पाय आहेत त्याने दुकानात जावं. काका कसे जाणार?"

"तुम्ही आणा."

"आणीन. आज आणीन, माझ्या पैशाने आणीन. पण तक्त्यावर नसलेलं मला लावता येत नाही. तुम्ही फक्त लिहा, मलम लावायला हरकत नाही."

"मावशी, ते लिहिलं की ती चिठ्ठीच झाली. तेच तर बंद केलंय."

"अहो, मी तुमच्याकडे मलम मागतच नाहीये! तुमचं अक्षर मागतेय!"

तिन्ही मजल्यांनी ते ऐकलं. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले की नियम आश्रमाचा आहे, व्यवस्थापिका बाईंशी बोला. व्यवस्थापिका बाई म्हणाल्या की औषधाचं डॉक्टरांनी बघायचं, त्यांच्याशी बोला. दोघांनीही काखा वर केल्या, आणि दोघांच्या मध्ये एक म्हातारा माणूस करकरा खाजवत बसला होता.

मलम तिने त्याच दिवशी आणलं. चपटी नळी, तोंडाला चांदीसारखं सील. गणवेशाच्या खिशात टाकली. खिशावरचं बटण लोंबत होतं.

"ते इकडे दे पोरी," काका म्हणाले. "दोन मिनिटांचं काम. पडलं म्हणजे मग खाटेखाली रांगत बसशील."

"उद्या देते काका," ती म्हणाली. कामाची घाई होती.

आठवड्यात काकांच्या हातांवर रेघोट्या उठल्या, मग त्यांतून रक्त यायला लागलं. चादरीवर डाग. आता तुम्ही म्हणाल, नळी खिशात होती, लावायचं होतं. तिचा नवरा हेच म्हणाला. तो ट्रकवरून निवृत्त झालेला, आयुष्यभर रस्त्याचे नियम वाकवत जगलेला.

"अगं, एवढंसं मलम. कोण बघतंय? लाव आणि मोकळी हो."

"खोकल्याच्या वेळीही कुणी बघत नव्हतं," ती म्हणाली.

त्या आजींचं नाव त्या घरात निघत नसे. तिला भीती मलमाची नव्हतीच. एवढी वर्षं लावलेलं मलम, त्याने काय होणार होतं? भीती ही होती की एकदा आपल्या मनाने सुरुवात केली की आपल्या मनाला थांबवणारं कुणी उरत नाही. म्हणून नळी खिशातच राहिली, आणि ती रोज स्वतःवर आणि साऱ्या जगावर जळफळत राहिली.

चादरींचे डाग बघून व्यवस्थापिका बाईंनी तोडगा काढला. कपाटातून हातमोजे आले. बोटं नसलेले, जाड कापडाचे, पिशवीसारखे, मनगटाशी नाड्या. खाजवायला नको म्हणून बांधायचे. त्यांना डॉक्टरांचं अक्षर लागत नाही, ते सुरक्षेत मोडतं. चार आण्याचं मलम लावायला बंदी, आणि धडधाकट माणसाचे हात पिशवीत कोंबायला परवानगी! ज्याने कुणी ही व्यवस्था लावली असेल त्याला एकदा ते मोजे घालून बसवायला हवं होतं, आणि पाठीत मुंगी सोडायला हवी होती.

पण बांधले कुणी? तिनेच बांधले. गुडघे टेकून काकांसमोर बसली, तेव्हा खिशातली नळी त्यांच्या गुडघ्याला लागली.

"घट्ट नको गं," काका म्हणाले. मग मांडीवरच्या डब्याकडे बघून म्हणाले, "आणि तुझं बटण?"

"आठ दिवसांत सोडू मोजे," ती म्हणाली. डबा तिने खिडकीत ठेवला.

मोजे सकाळी आंघोळीला सुटायचे आणि पुसून झालं की परत बांधले जायचे. आठ दिवस उलटले तरी खाज गेली नाही, म्हणून मोजेही राहिले. तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस ती घरी होती, नवऱ्याला ताप होता. ते दोन दिवस बदलीवरच्या बाईने आंघोळ नुसती अंग पुसून उरकली, मोजे तसेच ठेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली तर काका तापाने फणफणलेले, भलतंच बोलत होते. कुणाचा तरी सदरा आज द्यायचा आहे म्हणत होते. तिने उजव्या हाताची नाडी सोडली. मोजा निघेना. आत हात फुगून टम्म झालेला, मागची बाजू काळीनिळी, एका ओरखड्यातून पू येत होता.

तिने जो आवाज केला तो आश्रमाने तोवर ऐकला नव्हता. गाडी आली. काका इस्पितळात सोळा दिवस राहिले. शिरेतून औषध गेलं, ज्याची एक बाटली मलमाच्या पेटीभर नळ्यांना भारी पडेल. ते लिहायला कुणाला काही अडचण आली नाही, कारण ते दुकानात असंच मिळत नाही. हात चिरला, पू काढला, जीव वाचला. उजव्या हाताची तीन बोटं मात्र ताठली ती कायमची.

काका परत आले ते गुरुवारी. ते खुर्चीत बसले, डावीकडे खिडकीत डबा होता, तिकडे त्यांनी पाहिलं नाही. डॉक्टर आले, इस्पितळाचे कागद चाळले. मावशीने ते आधीच वाचले होते. शेवटच्या पानावर तळाशी लिहिलं होतं: कातडी कोरडी पडू देऊ नये, साधे मलम दुकानातून घेऊन लावावे.

डॉक्टरांनी पेन काढलं. "चला, आता अडचण नाही," ते म्हणाले. आवाजात खरंच सुटका होती. "गुंतागुंत झालेल्या रुग्णांना परिपत्रकात सूट आहे. आता मला मलम लिहिता येतं."

त्यांनी लिहिलं. मलम, दिवसातून दोन वेळा. मावशीने तक्ता खाटेवरून काढला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. वर लाल रेघेने खोडलेली ओळ, खाली नवी ओळ, तेच शब्द, तेच अक्षर. दोन्हींमध्ये बोटभर जागा.

"वाचा," ती म्हणाली. आवाज मुळीच चढला नव्हता, आणि त्यामुळेच व्यवस्थापिका बाई दारातून आत आल्या. "या दोन ओळींमध्ये यांचा हात गेला. शिवायचा हात. मोजे मी बांधले आणि मलम माझ्या खिशात होतं, म्हणून मी माझं मला बघून घेईन. तुम्ही तुमचं सांगा. बाकीच्यांचं काय? सहाव्या खाटेच्या आजी बघा, पाय सोलून काढलेत त्यांनी. त्यांच्या तक्त्यावर लिहिणार?"

"त्यांना अजून तसं काही झालेलं नाही, मावशी."

"अजून!" आता मात्र तोफ सुटली. खिडकीच्या काचा थरारल्या. "म्हणजे पू झाला की मलम! बोटं गेली की मलम! तुम्ही माणसं नासायची वाट बघताय, डॉक्टर, आणि मी अकरा वर्षं तुमच्या अक्षराला देव समजून बसले होते!"

तिने खिशातून नळी काढली. झाकणाच्या टोकाने सील फोडलं. आधी काकांचे दोन्ही हात चोपडले, ताठलेली बोटं एकेक करून. मग सहाव्या खाटेशी गेली, आजींच्या पायावरची चादर बाजूला केली आणि नळी डॉक्टरांसमोर धरली.

"तुमच्याकडून मला औषध नको, डोकं हवंय. यांच्या गोळ्या तुम्हाला माहीत आहेत. हे यांना लावण्यात काही चूक असेल तर आत्ता बोला, मी इथेच थांबते."

डॉक्टरांनी आजींचा तक्ता वाचला. पूर्ण वाचला, वरपासून खालपर्यंत. "चूक काही नाही," ते म्हणाले.

"ऐकलंत ना बाई?" मावशी म्हणाली आणि लावायला लागली. लावून झाल्यावर तक्त्यावर तारीख घातली, मलम लिहिलं, 'डॉक्टरांना तोंडी विचारून' असं लिहिलं, आणि डॉक्टरांच्या सहीच्या रकान्यात स्वतःची सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी तिला नोटीस मिळाली. व्यवस्थापिका बाईंनी ती हातात देताना तिच्याकडे पाहिलं नाही. छापील कागद होता. नोकरीवरून का काढून टाकू नये याचा खुलासा तीन दिवसांत करा, आणि खाली प्रश्न: लेखी आदेशाशिवाय औषध कोणाच्या परवानगीने लावले?

काकांनी तिला ते मोठ्याने वाचायला लावलं. तिच्या खिशावर बटण नव्हतं, कधीतरी पडून गेलं होतं, तिथे सेफ्टी पिन होती. काका त्या पिनेकडे बघत होते आणि ताठलेली बोटं डाव्या हाताने दाबत होते.

तिने तीन दिवस घेतले नाहीत. खाटेच्या कठड्यावर कागद टेकवून उभ्या उभ्या लिहिलं: ज्यांच्या अंगाची आग होत होती त्यांच्या. खाली सही केली, कागद व्यवस्थापिका बाईंच्या टेबलावर ठेवला आणि सहाव्या खाटेकडे गेली, कारण सकाळचं मलम लावायची वेळ झाली होती.