पिंगीची गोळी

चौसष्टच्या जूनमध्ये माझं पोस्टिंग अमरावतीला झालं. कॉलेजच्या मुलांना कवायत शिकवणारी आमची छोटी तुकडी होती. मी हुद्द्यानं नाईक, गाव मूर्तिजापूर. माझे वरिष्ठ सुभेदार कदम साताऱ्याकडचे, बोलणं मोजकं. बायको-मुलं गावी. क्वार्टरमध्ये ते आणि त्यांची कुत्री पिंगी, दोघंच. रोज सकाळी सहाला फॉल-इन, मुलं रांगेत उभी. पिंगी त्यांच्या डाव्या हाताला बसायची.

ऑगस्टात भर परेडमध्ये ती कोसळली. पाय ताठ, तोंडाला फेस. मुलं मागं सरली. आमचे मेजरसाहेब जीपमधून उतरले.

"पिसाळली आहे. गोळी घाला."

सुभेदारांनी सॅल्यूट ठोकून दहा दिवस मागितले. पिसाळलेलं कुत्रं तेवढं जगत नाही. मेजरसाहेबांनी मुदत दिली, पण पिंगीला साखळी घालून रायफलसह पहारा माझा लावला. दहा दिवस मी तिच्या जबड्याकडे बघत होतो. तिनं पाणी पिताना तोंड वळवलं, तरी माझा हात बोल्टवर जायचा.

अकराव्या दिवशी ती धडधाकट उभी होती. अकोल्याहून जनावरांचे म्हातारे डॉक्टर आले.

"मिरगी हाये, सुभेदारसायेब, फिटचा रोग. बरी होत नाई हे. जगन तोवर रोज गोळी द्या लागन. सुस्ती येईन तिले."

तिला जगू द्यायला मेजरसाहेब लगेच कबूल झाले. तेच मला खटकलं. थोड्या वेळापूर्वी ऑफिसच्या दाराशी ते डॉक्टरांशी दबक्या आवाजात बोलत होते. 'शांतपणे' एवढा एकच शब्द माझ्या कानावर आला होता. पहिल्या गोळीनंतर पिंगी दिवसभर मेल्यासारखी पडून राहिली. संध्याकाळी मी सुभेदारांना ऐकलेलं सगळं सांगितलं. हे औषध नसावं, तिला गुपचूप मारायचा बेत असावा, असंही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सहाला सुभेदारांनी गोळ्यांची डबी उघडली, एक गोळी काढली आणि पाण्याच्या घोटाबरोबर स्वतः गिळली. फॉल-इन मी घेतलं. साडेअकरापर्यंत ते खुर्चीतच झोपलेले होते.

उठल्यावर म्हणाले, "औषधच आहे. तिला जास्त होतंय. अर्धी देऊ."

मग थेट मेजरसाहेबांकडे जाऊन त्यांनी दाराशी झालेल्या त्या बोलण्याबद्दल विचारलं. मी बाहेर उभा राहून ऐकत होतो. हा रोग जन्माचा आहे हे सुभेदारांना शांतपणे सांगा, असं मेजरसाहेब त्या दिवशी डॉक्टरांना म्हणाले होते. मला मान वर करवेना. सुभेदारांनी मात्र तो विषय पुन्हा काढला नाही.

डॉक्टरांनीही अर्धी गोळी कबूल केली. आठवड्याला येऊ लागलेली फिट महिन्यावर गेली. पिंगी पुन्हा परेडला येऊ लागली, पण चाल मंद झाली होती. तरीही नवी डबी आली की पहिली गोळी मी जिभेला लावून बघत असे.

पासष्टच्या उन्हाळ्यात सुभेदार पलटणीत परत गेले. पिंगी माझ्याकडे राहिली. सप्टेंबरच्या लढाईत ते पडले. मला आठ दिवसांनी कळलं. मी त्यांच्या पत्नीला पत्र लिहिलं आणि पिंगीला तिकडे पोचवू का, असं विचारलं.

बाईंचं उत्तर चार ओळींचं होतं. तिला तुमच्याकडेच राहू द्या. ह्यांच्या शेवटच्या पत्रात लढाईचं काहीच नव्हतं, नाईकाला अर्ध्या गोळीची आठवण कर, एवढंच होतं.

पिंगी पुढं तीन वर्षं जगली. सुभेदार कदम गेले तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते.